वतन आणि वर्गणी

विचुंबे हे पनवेल तालुक्यातील गाव गाढी नदीच्या काठी वसले आहे. एका बाजूस नवीन पनवेलच्या इमारतींची दाटी आणि दुसऱ्या बाजूस माथेरानचा डोंगर व प्रबळगडाचा माथा, अशा दोन विजातीय शेजाऱ्यांच्या मधोमध हे ग्रामपंचायतीचे गाव आपले जुने घरठाण, आपली वेस आणि आपला देव सांभाळून असता, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्याच्या भाताच्या खाचरांवर जी मजल्यांवर मजले चढवलेली वस्ती उभी राहिली, तिच्यातील बिऱ्हाडकरूंना ‘तुमचे गाव कोणते?’ असे कोणी विचारले तर बहुतेकांच्या तोंडून ‘विचुंबे’ हे उत्तर येणार नाही. ते पोलादपूरचे असतील, खेड-मंडणगडचे असतील, जावळी-पाटणचे असतील. विचुंब्यास ते केवळ राहतात.

या राहणाऱ्यांची मंडळे आहेत. महिन्याच्या एखाद्या रविवारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, जिला आता सर्रास पार्किंग म्हणतात तिथे, दोन मोटारी बाजूला काढवून सतरंजी अंथरली जाते, नारळ मांडला जातो, कोणी वयस्क गृहस्थ सुमारे दीडशे मैलांवरच्या ग्रामदैवताला उद्देशून गाऱ्हाणे घालतो, आणि मग ज्या गावात आज साठ-सत्तर माणसेच उरली आहेत त्या गावाच्या नळयोजनेवर, शाळेच्या छपरावर आणि शिमग्याच्या पालखीवर दोन-दोन तास अत्यंत तावातावाने चर्चा चालते. अशा चार-पाच मंडळांतील काही तरुणांनी आपापल्या मंडळाची जुनी दप्तरे हुडकून त्यांतील वेचे एकत्र छापण्याचे मनावर घेतले, आणि प्रस्तावनेचे काम माझ्याकडे आले. माझा अधिकार एवढाच की मी पूर्वी अशाच एका मंडळाचा हिशेबतपासनीस होतो, आणि त्या पदावर असताना माझ्या हातून जी चूक घडली ती पुढे सांगणार आहे.

जी दप्तरे मजकडे आली त्यांत कीर्द आहे, खतावणी आहे, इतिवृत्ताच्या वह्या आहेत, पावतीपुस्तकांची थोटके आहेत. बांधणी लाल कापडाची. कडा वाळवीने कातरलेल्या. एका वहीत पाणी शिरून शाई अशी फुटली आहे की पूर्ण एका वर्षाचा जमाखर्च निळ्या डागाखाली गडप झाला आहे. खर्चाच्या बाजूला ज्या बाबी येतात त्या वाचताना गाव डोळ्यांपुढे उभे राहते: देवळाची कौले; शाळेस घंटा; पालखीच्या दांडीस तेल; अमक्याच्या आईच्या आजारपणाची तार; अमका मुंबईत वारला, त्याचे सामान गावी पोचवणे. पण या साऱ्यांत जी एक बाब पुन्हा पुन्हा, पानोपानी, वर्षानुवर्षे येते ती म्हणजे ‘तसलमात’. सरकारी कचेरीत ज्यांनी दिवस काढले त्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. इतरांसाठी सांगायचे तर, एखाद्या कामासाठी कोणाच्या हाती आगाऊ रक्कम द्यायची, त्याने ती खर्च करून पावत्यांसह हिशेब आणून द्यायचा, आणि तोवर ती रक्कम त्याच्या नावे ‘येणे’ दाखवायची, या व्यवहारास तसलमात म्हणतात. मंडळांच्या वह्यांत अशा रकमा गावी जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती दिलेल्या आहेत. आणि त्यांतील कित्येकींचा हिशेब परत आलेला नाही. लबाडी झाली असे मुळीच नाही. विहीर खणली गेली, कौले चढली, भोजन झाले. फक्त कोणी ते लिहून पाठवले नाही, कारण लिहून पाठवण्याची प्रथा होती ती मुंबईकडून गावाकडे, गावाकडून मुंबईकडे नव्हे. दूर गेलेल्या माणसाने गावासाठी दिलेला प्रत्येक रुपया हा मूलतः तसलमातीचा रुपया असतो, ही गोष्ट या वह्या चाळेपर्यंत माझ्या कधी ध्यानात आली नव्हती, आणि प्रस्तुत संग्रहाकडे मी त्याच दृष्टीने पाहतो.

‘वतन’ या शब्दाची गंमत येथे सांगण्याजोगी आहे. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ मायभूमी, जन्मस्थान. उत्तरेकडे तो अद्याप त्याच अर्थाने, आणि गहिवरून, वापरला जातो. आपल्याकडे मात्र तो गावच्या हद्दीत आला आणि त्याला मानपान, हक्क, लवाजमे चिकटले. वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेला अधिकार, पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, त्याबद्दलची इनाम जमीन, आणि त्या जमिनीपायी झालेल्या मारामाऱ्या. मायभूमीचा हक्क होणे हे मराठी मनाच्या घडणीविषयी काहीएक सांगून जाते. कायद्याने वतने गेली तरी वृत्ती गेली नाही. पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीचा माड कोणी तोडायचा, देवळाच्या पायरीवर कोणाचे नाव कोरायचे, या प्रश्नांवर विचुंब्याच्या पार्किंगमध्ये जो आवेश मी ऐकला तो जुन्या महजरांतून वाचलेल्या आवेशाहून तसूभरही निराळा नाही. वर्गणी देणारा मनुष्य दानधर्म करतो आहे असे त्याला स्वतःला वाटत असले, तरी त्याच्या मनाच्या तळाशी तो आपले वतन चालू ठेवण्याचा सारा भरीत असतो.

परगावी गेलेल्यांनी गावासाठी रीतसर निधी उभारावा ही कल्पना आपल्याकडे पुष्कळ जुनी असून तिचे एक अत्यंत बोलके उदाहरण धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात आहे. मुरुड हे दापोली तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. तेथील सोमण गुरुजींच्या शिकवणुकीत लोकसेवेचा संस्कार घेऊन कर्वे शिक्षणासाठी मुंबईस गेले, १८८४ साली पदवीधर झाले, शिकवण्या करू लागले, आणि पुढे थोड्याच काळात आपल्याप्रमाणे पोटासाठी गाव सोडलेल्या मुरुडकरांना एकत्र करून त्यांनी ‘मुरुड फंड’ सुरू केला. प्रत्येकाने आपल्या प्राप्तीतला ठरावीक लहानसा हिस्सा गावासाठी द्यावा, एवढेच त्याचे सूत्र. येथे प्रमाण प्राप्तीशी बांधलेले आहे, मर्जीशी नाही, हे विशेष. आजही पुष्कळ मंडळांना ते साधलेले नाही, कारण दरडोई सारखी वर्गणी बसवली म्हणजे भांडण कमी होते आणि जमाही कमी होते.

पण कर्व्यांच्या या कथेचा उत्तरार्धच मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी पुनर्विवाह केला, आणि त्यानंतर ते सपत्नीक मुरुडास गेले तेव्हा ज्या गावासाठी त्यांनी फंड उभारला त्याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. आईच्या घरी राहण्याचीही त्यांना चोरी झाली. दूरस्थ गावकऱ्याचा पैसा गावाला हवा असतो; त्याचा बदललेला विचार मात्र वेशीबाहेर ठेवून यावा अशी गावाची अपेक्षा असते. कर्व्यांनी रागाने गावाचे नाव टाकले नाही. उलट वयाच्या शहात्तराव्या वर्षाच्या पुढे, १९३६ साली, ज्या खेड्यांत सरकारी शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले आणि त्यासाठी ते दारोदार वर्गणी गोळा करीत हिंडले. पहिला फंड एका गावाचा होता, हा कोणत्याच एका गावाचा नव्हता. या दोहोंमधील पन्नास वर्षांचा प्रवास मी वाचकांच्या विचारासाठी येथे नोंदवतो.

कर्व्यांसारखे पदवीधर थोडे. मुंबईस गेलेला बहुसंख्य कोकणी व घाटावरचा माणूस गिरणीत गेला, गोदीत गेला, घरगडी झाला, आणि त्याने जी संस्था उभारली ती कोणत्याही सामाजिक शास्त्राच्या ग्रंथात न वाचता उभारली. तिचे नाव गावकीची खोली. लालबाग-परळच्या चाळींत एका गावची एक खोली असे. भाडे गावकीचे, भिंतीलगत प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, दोरीवर कपडे, आणि गिरणीच्या तीन पाळ्यांमुळे एकच वळकटी दिवसातून दोघांच्या-तिघांच्या पाठीखाली जाई. रात्रपाळीचा मनुष्य उठून गेला की पहिल्या पाळीचा आडवा होई. जेवण खानावळवालीकडे. या बायकांचे स्वतंत्र चरित्र आहे. सावकाराच्या व्याजात पिचलेल्या याच खानावळवाल्यांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे. पगाराच्या दिवशी पोस्टात रांग लागे. मनिऑर्डरच्या अर्जाला तळाशी निरोपासाठी म्हणून जी बोटभर जागा असे, तीत लिहिता न येणारा मनुष्य दुसऱ्याकडून चार शब्द लिहवून घेई, आणि गावी लिहिता-वाचता न येणारी त्याची बायको ते चार शब्द पोस्टमनकडून वाचवून घेई. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेला मनिऑर्डरची अर्थव्यवस्था असे नावच पडले होते.

घरची मनिऑर्डर निराळी आणि मंडळाची वर्गणी निराळी, हा भेद मात्र ध्यानात ठेवावा. पहिलीतून चूल पेटे. दुसरीतून देऊळ, शाळा, साकव आणि पाणवठा. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही, तेव्हा दोन्ही झरे एकदम आटले. या संग्रहातील एका मंडळाच्या इतिवृत्तात त्या वर्षी एकामागून एक सभा ‘गणपूर्तीअभावी तहकूब’ झाल्या आहेत. याहून बोलके वर्णन मी कोठे वाचलेले नाही. पुढे खोल्या विकल्या गेल्या, माणसे डोंबिवलीस, नालासोपाऱ्यास, पनवेलीस पांगली, आणि लालबागची सभा फिरत फिरत विचुंब्यास आली.

आता माझी चूक. आमच्या मंडळाने गावास विहीर द्यावयाचे ठरवले. जागा कोणती, यावर सभेत तीन रविवार चर्चा झाली आणि अखेर देवळासमोरची जागा मुक्रर झाली. कारण यात्रेस येणाऱ्या साऱ्यांना ती दिसावी, आणि देणगीदारांच्या नावाची फरशी वाचता यावी. गावातील बायकांचे म्हणणे होते की पाणी तेथे नाही, खालच्या ओढ्याच्या वळणावर आहे. पण बायका मंडळाच्या सभासद नव्हत्या, आणि गावाकडून आलेला निरोप इतिवृत्तात ‘गावकऱ्यांची सूचना वाचून दाखवण्यात आली’ एवढ्या एका ओळीत गाडला गेला. विहीर झाली. तसलमातीचा हिशेब यथासांग आला, पावत्या जुळल्या, मी ‘तपासले, बरोबर आहे’ असा शेरा मारून सही केली. ती विहीर दर वर्षी होळीच्या सुमारास कोरडी पडते. फरशी शाबूत आहे आणि तिच्यावर माझेही नाव आहे. हिशेबतपासनिसाने पैशाची रुजुवात घालावी की पाण्याची, हा प्रश्न तेव्हा मला कोणी विचारला असता तर मी हसलो असतो.

पुरुष मुंबईस आणि बाया गावी, हा ज्या व्यवस्थेचा पायाच होता, तिच्या कार्यकारिणीत गावी राहणाऱ्या बाईचे नाव सापडत नाही, हे या सर्व दप्तरांचे समान वैगुण्य आहे. दुसरे वैगुण्य याहून जुने. एकाच गावची, पुष्कळदा एकाच चाळीत, दोन मंडळे असत. एक गावाच्या नावाचे, आणि दुसरे त्या गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीचे. कोकणातील बौद्ध समाजाने बौद्धजन पंचायत समितीच्या गावोगावच्या शाखा मुंबईत चालवल्या, वर्गण्या काढल्या, विहार बांधले, मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहिली. पण त्यांच्या मायभूमीच्या प्रेमात पहिल्या प्रकारच्या मंडळाला असणारा निर्धास्तपणा असणे शक्य नव्हते. १९२७ साली महाडास चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी जे जमले त्यांतही मुंबईची मंडळी होती, आणि तीही आपल्याच जिल्ह्याच्या भूमीवर आली होती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक कौन्सिलात मांडले. ज्या वतनाच्या आठवणीने एकाचा कंठ दाटून येतो त्याच वतनाने दुसऱ्याला अहोरात्र वेठीस जुंपले होते. ‘गावाचा विकास’ हा शब्दप्रयोग करताना कोणाचे गाव, हे आधी विचारावे, एवढा बोध मला या दोन प्रकारच्या मंडळांनी केला.

सागरापलीकडील मराठी माणसांची कथा याच कथेचा पुढचा अध्याय आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. अमेरिकेत मराठी मंडळे पुढे झाली, आणि १९८१ साली त्यांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. गणपती, नाटक, दिवाळी अंक, पुरणपोळी हा त्यांचा संसार सर्वांना परिचित आहे आणि त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. परंतु १९७८ साली तेथील काही मराठी मंडळींनी जे महाराष्ट्र फाउंडेशन काढले त्याचा हेतू निराळा होता: अमेरिकेत पैसा जमवावा आणि महाराष्ट्रातील सामाजिक संस्थांना तो पोचवावा. पुढे सुनील देशमुख यांच्या पुढाकाराने १९९४ पासून साहित्यासाठी आणि १९९६ पासून समाजकार्यासाठी पुरस्कार सुरू झाले. या पुरस्कारांत मला जी गोष्ट मोलाची वाटते ती रकमेची नव्हे. निवड येथल्या माणसांनी करावयाची, आणि पुरस्कार ज्यांना द्यावयाचा ते येथेच राहून, पुष्कळदा रोष पत्करून, काम करणारे. नरेंद्र दाभोलकरांचे नाव त्या यादीत आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे. देणाऱ्याने आपल्या नावाची फरशी बसवण्यापेक्षा राहणाऱ्याच्या हाती लेखणी दिली. आमच्या विहिरीच्या वेळी ही युक्ती आम्हाला सुचली नव्हती.

ज्यांचे परतणे संभवतच नाही अशांचेही गाव असते. पनवेलमधील बेथ एल हे सिनेगॉग १८४९ सालचे; ते ज्या बेने इस्राएल समाजाने बांधले तो समाज शतकानुशतके कुलाबा जिल्ह्याच्या किनारपट्टीत तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवून घेत राहिला, आणि १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य इस्राएलात गेले. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, चौलकर. म्हणजे गावात घर नाही, जमीन नाही, मंडळ नाही, पण ज्याला-त्याला आपले गाव स्वतःच्या सहीत लिहावे लागते. वतनाचे याहून निर्मळ स्वरूप मला ठाऊक नाही. त्याला ना उत्पन्न, ना मानपान.

हा सारा प्रकार आपलाच, आपल्या मातीचा, असे समजण्याचा मोह होतो, म्हणून कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाकडे क्षणभर वळतो. गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतंत्र केलेले हे राष्ट्र. फ्रान्सने १८२५ साली युद्धनौका पाठवून मान्यतेच्या मोबदल्यात पंधरा कोटी फ्रँकची खंडणी लादली, पुढे ती कमी केली, पण तिच्यापायी काढलेल्या कर्जाची अखेरची फेड झाली १९४७ साली, आपण स्वतंत्र झालो त्या वर्षी. अशा देशाची माणसे न्यूयॉर्क, मायामी, माँट्रियल येथे पोटासाठी गेली, आणि त्यांनी गावोगावची मंडळे काढली. त्यांचीही शाळा, दवाखाना आणि पाणी हीच कामे. त्या देशाचे नऊ प्रांत असता परदेशस्थांना अभिमानाने ‘दहावा प्रांत’ म्हणण्याचा प्रघात पडला, सरकारात त्यांच्यासाठी मंत्रालय झाले. आणि २००३ साली निप नावाचा खराखुरा दहावा प्रांत निर्माण झाल्याने या बिनजमिनीच्या प्रांताला अकराव्या क्रमांकावर सरकावे लागले. देशाच्या एकंदर उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास रक्कम बाहेरून घरोघर येते. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर जगभरच्या बलाढ्य संस्था तेथे उतरल्या, आणि मदतीचा फारच थोडा भाग तेथल्या माणसांच्या स्वतःच्या संस्थांच्या हाती पडला; शेजारी जमून एकमेकांचे शेत करण्याची जी ‘कोंबिट’ नावाची त्यांची जुनी रीत आहे, जिला आपल्याकडे इर्जिक किंवा सावड म्हणतात, तिच्यासाठी कोणत्याही अंदाजपत्रकात रकाना नव्हता. सावडीत पैसा नसतो, पण हिशेब असतो. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. दूर गेलेला मनुष्य नेमका याच हिशेबातून बाद होतो, आणि मग अंगमेहनतीच्या जागी तो नोटा ठेवतो.

आपल्याकडे या नोटांची वाट कायद्याने आखून दिली आहे, आणि तिची वळणे मंडळांच्या चालकांना फार उशिरा कळतात. परदेशी देणगी घ्यावयाची तर विदेशी अंशदान विनियमन कायद्याखाली नोंदणी हवी; हा कायदा प्रथम १९७६ चा, मग २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतील खात्यातच यावी, एका संस्थेने ती दुसरीकडे वळवू नये, आणि प्रशासनाचा खर्च वीस टक्क्यांवर जाऊ नये, असे बंधन घातले. साठ उंबऱ्यांच्या गावचे मंडळ, ज्याचे दप्तर एका बिस्किटांच्या डब्यात मावते, त्याने हे कसे पार पाडावे? याहून विलक्षण गोष्ट अशी की, भारतीय नागरिक असलेला मुलगा ह्यूस्टनहून आपल्या बचतीतून बँकेच्या रीतसर मार्गाने शाळेच्या छपरासाठी पैसे पाठवतो तोवर ते ‘विदेशी’ ठरत नाहीत; पण ज्या दिवशी तो तेथल्या नागरिकत्वाची शपथ घेतो त्या दिवसापासून तोच मुलगा, तेच खाते, तेच छप्पर असूनही, त्याचा पैसा परदेशी होतो. आईला मात्र तो पाठवू शकतो. त्यामुळे व्यवहारात घडते ते असे की छपराचा पैसा आईच्या नावे येतो, आणि म्हातारी बाई, जी मंडळाची सभासद कधीच नव्हती, ती एकाएकी गावाची खजिनदार होते. कायद्याच्या मनात नसताना त्याने केलेली ही एकच सुधारणा असावी.

येथवर जे लिहिले ते गेलेल्यांविषयी. परंतु ही प्रस्तावना मी विचुंब्यात बसून लिहीत आहे, आणि येथल्या मूळ गावकऱ्याविषयी, म्हणजे ज्याच्या खाचरावर आम्ही राहतो त्या आगरी शेतकऱ्याविषयी, चार शब्द लिहिले नाहीत तर ते कृतघ्नपणाचे होईल. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतील पंच्याण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी नेमली गेली; जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. २०१३ साली विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी नैना नावाचा इलाखा जाहीर झाला, त्यात विचुंबेही आले. आता उलव्याची टेकडी कापून विमानतळ झाला आहे, आणि ज्यांना ह्यूस्टनला जावयाचे आहे त्यांना फार लांब जावे लागणार नाही. विचुंब्याचा शेतकरी कोठेही गेला नाही. त्याने बोट पाहिली नाही, मनिऑर्डर केली नाही, परगावी मंडळ काढले नाही. तो आपल्या ओटीवर बसून राहिला आणि परगावच त्याच्या दारी आले. देशांतर न करता परकेपणा वाट्यास आलेल्या या मनुष्यासाठी आपल्या भाषेत शब्द नाही, आणि त्याच्या गावाच्या विकासाकरिता बाहेरून वर्गणी पाठवील असा कोणी त्याला नाही, कारण बाहेर गेलेला असा कोणी त्याचा नाही.

संग्रहाची मुद्रिते तपासताना एका मंडळाच्या अलीकडच्या जमाखर्चात एक नोंद दृष्टीस पडली. विचुंब्याच्या गावदेवीच्या उत्सवासाठी गावची मुले पावतीपुस्तक घेऊन इमारतीत आली होती, तेव्हा मंडळाने काही रक्कम दिली. पावती वहीस टाचलेली आहे, आणि बाब लिहिली आहे ‘किरकोळ’. तिच्याच वरच्या ओळीत आपल्या गावच्या पालखीचा खर्च स्वतंत्र खाते उघडून, मथळा अधोरेखित करून दाखवला आहे. संपादकांपैकी एका तरुणाने मला विचारले की ही नोंद बरी दिसत नाही, छापताना ‘गावदेवी उत्सव, विचुंबे’ अशी दुरुस्ती करावी काय? मी त्याला म्हटले, हिशेबतपासनीस म्हणून एकदा चुकीच्या कागदावर सही केली आहे, आता खाडाखोड करावयास सांगू नकोस; जसे आहे तसे छाप, आणि पुढल्या रविवारच्या सभेत ते पान मोठ्याने वाचून दाखव. सभेला विचुंब्याची दोन माणसे बोलावली आहेत, असे कालच समजले.